जावा-येझदी मोटारसायकलच्या इंजिनाची घरगुती पुनर्बांधणी

जावा आणि येझदी या जुन्या मोटारसायकलींचे २५० सीसी वर्गातील इंजिन घरी उघडून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा चालते करण्याच्या कामास इंजिनाची घरगुती पुनर्बांधणी असे म्हणता येईल. या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हापासून हे काम मुख्यतः जुन्या मिस्त्रींच्या आणि हौशी मालकांच्या हाती राहिले आहे.

पार्श्वभूमी

जावा ही मूळची चेक गाडी. संस्थापक जानेचेक आणि वांडरर ही जर्मन कंपनी यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले. इराणी कुटुंबाने स्थापन केलेल्या आयडियल जावा या कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूर येथे उत्पादन सुरू केले. पुढे १९७०च्या दशकात गाडीला येझदी हे नाव मिळाले. ते इराणमधील यझ्द शहराशी नाते सांगते.

इंजिनाची रचना

हे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक, म्हणजे द्विधावी इंजिन आहे. पिस्टनचा व्यास ६५ मिलिमीटर आणि धाव ७५ मिलिमीटर असते. दोन सायलेन्सर पाहून अनेकांना ते दोन सिलिंडरचे वाटते. प्रत्यक्षात एकाच सिलिंडरला धूर बाहेर टाकणारी दोन द्वारे आहेत.

यात झडपा नसतात. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण ओढले जाते आणि तो खाली येताना तेच मिश्रण वर ढकलले जाते. क्रँककेस हे नुसते खोके नसून इंजिनाचे फुप्फुस आहे. ते हवाबंद ठेवण्यासाठी क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. बिघाड दिसतो वर, ब्लॉक-पिस्टनमध्ये; त्याचे मूळ मात्र पुष्कळदा या दोन स्वस्त सीलांत असते. केवळ ‘बोअर-पिस्टन’ करून घेतलेले इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा जाम होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

निदान

इंजिन उघडण्यापूर्वी लक्षणे नोंदवणे आवश्यक असते, कारण खोलल्यावर ती पुन्हा पाहता येत नाहीत. डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन तेलात बुडालेली असते. तिकडचे सील गेले तर हे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते. पांढरा दाट धूर येतो, प्लग ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी गळतीशिवाय घटते. उजवीकडे डायनामो असतो. तिकडचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते, इंजिन आपोआप रेस होते, प्लग पांढुरका पडतो आणि पिस्टन तापून चिकटतो. दुसरा बिघाड अधिक घातक, कारण तो धूर दाखवत नाही. ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहतात. आडवा थोडा खेळ स्वाभाविक आहे, उभा खेळ मुळीच चालत नाही.

खोलणे आणि जोडणे

डायनामो व क्लच काढण्यासाठी पुलर वापरावा लागतो. हातोड्याने क्रँकशाफ्ट वाकतो. क्रँककेसच्या दोन भागांच्या सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसणे ही सर्वांत महागात पडणारी घाई होय. तेथे पडलेली खाच पॅकिंगने भरून निघत नाही. अल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून क्रँककेस गरम केल्यास बेरिंग सहज निघते.

बोअर करणे, क्रँक प्रेसवर दाबून नवा रॉड बसवणे आणि तो सरळ करणे ही कामे घरची नव्हेत. ती लेथवाल्याकडेच द्यावी लागतात. आधी पिस्टन विकत घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा, उलट क्रमाने नव्हे. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने मोजतात. ती सुमारे ०.३ मिलिमीटर असावी. पिस्टनच्या खाचेतील बारीक पिनेशी रिंगची टोके जुळली पाहिजेत, अन्यथा ती द्वारात अडकून तुटतात. पॉइंटमधील फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात.

तेल, पेट्रोल आणि उष्णता

जुन्या प्रमाणानुसार लिटरभर पेट्रोलमध्ये ४० मिलिलिटर टू-टी तेल मिसळतात. ‘तेल जास्त तर इंजिन सुरक्षित’ हा समज खरा नाही. तेल वाढले की त्या मिश्रणात पेट्रोल कमी होते, आणि काजळीही साचते. भुसावळ, दीपनगर, जळगाव या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हे इंजिन हवेने थंड होणारे असल्याने नव्या पिस्टनची पहिली काही शे किलोमीटरची धाव येथे पहाटे किंवा हिवाळ्यात काढणे शहाणपणाचे ठरते. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर व पेट्रोल-कॉकचे बूच खराब होते. ते ओलावाही शोषते, म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवायची असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करतात.

नोंदणी

इंजिन क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो आणि तोच नोंदणी प्रमाणपत्रात असतो. भंगारातील क्रँककेस बसवले की कागद आणि गाडी यांची फारकत होते. असा बदल प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदवावा लागतो. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी, आणि नंतर दर ५ वर्षांनी, नूतनीकृत करावी लागते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते; सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे रोज गाडी चालवणारे मालक सहसा जुनी नोंदणीच पुढे चालवतात, आणि तडा गेलेले मूळ क्रँककेस टाकून देण्याऐवजी वेल्डिंग करून वापरतात.