तबकडीवरची ‘कामिनी’
बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील सर्वांत गाजलेल्या गीताची ध्वनिमुद्रिका, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी, निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून लता मंगेशकरांचे नव्हे, तर मधुबालाने साकारलेल्या ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापलेले होते. पार्श्वगायकांना श्रेय देण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती आणि हा त्या कलावंतांवरचा उघड अन्यायच होता. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यावर खरे नाव जाहीर झाले. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या या गीतात स्वर दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, म्हणून मुखड्यापूर्वीच्या ओळी लताबाईंनी ध्वनिग्राहकापासून, म्हणजेच मायक्रोफोनपासून, लांब उभे राहून सुरू केल्या आणि गात गात, एकेक पाऊल पुढे टाकत त्या नेमक्या मुखड्याला त्याच्यासमोर पोहोचल्या.