बाजरीतील अरगट: बुरशीची जात का महत्त्वाची?

थंडीत देवळाली कॅम्पमध्ये बाजरीची भाकरी आवडीने खाल्ली जाते. जेवणानंतर घरातील अनेकांना मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी आली, तर धान्यातील अरगटची शंका घ्यावी. बाजरी गवतकुळातली; फुलोऱ्यात बुरशी शिरली की दाण्याऐवजी काळपट, कडक गाठी तयार होतात. 1956-57 मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी विषबाधा झाली होती.

दोन जाती, दोन आजार
राय या धान्यावरील क्लॅव्हिसेप्स पर्प्युरियाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसून गँगरीन होऊ शकते. बाजरीवरील क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिसची विषे वेगळी. त्रास सहसा 1-2 दिवसांत ओसरतो.

काय करावे?
10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून बाजरी ओता. तरंगणाऱ्या गाठी फेका. तळाचे धान्य तीनदा धुऊन वाळवा. त्रास झाल्यास भाकरी थांबवा आणि धान्याचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा.