शोकाला घाई कसली?

दहशतवादात आणि युद्धात मारल्या गेलेल्यांसाठी ख्रिस्ती माणसाने शोक कसा करावा, यावर अलीकडे पुष्कळ लिहून येते. जवळजवळ सगळे क्षमेबद्दल असते. क्षमा थोर आहेच, पण तिच्या आधी विलाप येतो आणि तोच आपण उपासनेतून हद्दपार करत चाललो आहोत. हे मी पूर्वीही अनेकदा लिहिले आहे. ऐकले गेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाचा जुना इतिहास वाचकांना ठाऊक आहे. पण त्यातले एक पान सहसा कुणी उघडत नाही. पहिले महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटले तेव्हा, 10 ऑगस्ट 1915 रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला त्या दिवशी तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली. एरवी अशी मुभा सर्वसाधारणपणे नाताळपुरतीच असे. रणांगणावर माणसे इतकी पडत होती की एका मिस्सेने भागणार नव्हते. भाईंदर-उत्तनच्या चर्चमध्ये आजही त्या दिवशी एकापेक्षा अधिक मिस्सा होतात, त्यामागे युरोपच्या खंदकांत सडलेली ती पोरे आहेत.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल एवढेच सांगतो, की 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री कॉव्हेंट्रीचे कॅथेड्रल बॉम्बहल्ल्यात जळाले आणि तिथल्या प्रमुख धर्मगुरूने भग्न वेदीमागे क्षमेची याचना कोरून घेतली. येशूच्या प्रार्थनेतला ‘त्यांना’ हा शब्द मात्र त्याने मुद्दाम वगळला. क्षमेवरचे प्रत्येक व्याख्यान तिथूनच सुरू होते, तेव्हा अधिक काय लिहावे?

मला लिहायचे आहे ते बायबलमधल्या विलापगीताबद्दल. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्याचा हा आक्रोश आहे. त्याचे अध्याय पाच. पहिल्या चारांची रचना हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहे. दुःख बेभान असले तरी मांडणी बेभान नाही. नगरी विधवेसारखी बसलेली आहे, भुकेली लेकरे आईजवळ भाकरी मागत आहेत, वाटा ओस पडल्या आहेत. सैनिकांपेक्षा सामान्य माणसेच त्यात अधिक दिसतात. मध्यावर, तिसऱ्या अध्यायात, आशा येते, पण ग्रंथ तिथे संपत नाही. शेवटी पुन्हा देवालाच विचारणा आहे, की तू आम्हांला कायमचे टाकलेस का? उत्तर दिलेले नाही. उत्तर नसलेला हा ग्रंथ ज्यांनी पवित्रशास्त्रात ठेवला, त्यांना शोक कळत होता.

पूर्वी पवित्र सप्ताहात त्यातले उतारे लॅटिनमध्ये गायले जात आणि मेणबत्त्या एकामागून एक विझवल्या जात. मुळाक्षरांच्या क्रमातल्या कडव्यांआधी मूळ हिब्रू अक्षराचे नावही गात. लहानपणी मला एक शब्द समजत नव्हता, तरी घशात काहीतरी अडकायचे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेची दारे उघडली, हे मोठेच काम झाले. 1969 च्या नव्या अंत्यविधीत पुनरुत्थानाच्या आशेवर भर आला, तोही रास्त होता. पण आमच्याकडील काही उत्साही मंडळींनी पांढरी वस्त्रे आणि आनंदाची गीते एवढाच त्याचा अर्थ घेतला. जी मराठी विलापगीत लोकांच्या तोंडी आणू शकली असती, तिच्यातच ते अबोल झाले.

उत्तन-चौकच्या जुन्या बायांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. दर्यात माणूस गेला की त्याचे नाव घेऊन, त्याचे खाणे-बोलणे आठवून, थेट देवाशी भांडत त्या रडायच्या. आता प्रेताशेजारी माईक असतो आणि कुणी मोठ्याने रडले की लगेच गीत सुरू होते.

11 जुलै 2006 ला भाईंदरवरून जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर या शोकाची कसोटी लागली. संध्याकाळी 6.24 पासून सुमारे अकरा मिनिटांत चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान झाला. 189 माणसे गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. घरी निघालेली माणसे होती ती. हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती, सगळी.

तेव्हापासून दोन वाद मी ऐकत आलो आहे. पहिला असा, की परधर्मीयांसाठी मिस्सा कशी अर्पण करायची? 1983 च्या धर्मसंहितेचा 901 वा नियम स्पष्ट आहे: जिवंत वा मृत, कोणासाठीही. विषय तिथेच मिटतो. दुसरा वाद जास्त गोड आणि म्हणून जास्त घातक आहे. मृतांना हुतात्मे म्हणा, असे काही जण सांगतात आणि दाखला देतात हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा, ज्यांचा सण आपण 28 डिसेंबरला पाळतो. आमच्या डोंगरीचे चर्चच बेथलेहेम मातेचे, त्यामुळे हा दाखला इथे लगेच पटतो. पण ती बालके हेरोद ख्रिस्ताला शोधत होता म्हणून मारली गेली. लोकलमधला माणूस डब्यात होता म्हणून मेला. त्याच्या मरणाला अर्थ चिकटवला की त्याच्या बायकोचा ‘का?’ हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपण काढून घेतो. मत्तयाने त्याच बालकांच्या प्रसंगी राहेलीचे रडणे आठवले आहे आणि तिचे सांत्वन होत नाही, हेही लिहून ठेवले आहे. हुतात्मेवाले नेमके तेवढेच वाचत नाहीत.

श्रीलंकेतल्या ईस्टरच्या स्फोटांनंतर, एप्रिल 2019 मध्ये, नेगोम्बोच्या कोळीवस्तीतल्या दफनांची दृश्ये पाहताना मला उत्तनच आठवत होते. तिथल्या बाया मोठ्याने रडत होत्या. पोप फ्रान्सिस तर 2 नोव्हेंबरला अनेकदा लष्करी दफनभूमीत जात. 2017 मध्ये नेत्तुनो, 2023 मध्ये रोमची युद्ध दफनभूमी. थडग्यांवरची कोवळी वये पाहून ते थांबत. आपल्याकडे मात्र मेणबत्ती मोर्चा निघतो, फोटो निघतात आणि तासाभरात माणसे घरी.

आणि क्षमा तरी कोणाला करायची? लोकलमधल्या स्फोटांसाठी 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मारणारा कोण, हेच ज्या घरांना अजून सांगता आलेले नाही, त्यांच्याकडे क्षमेची घाई करणे ही क्रूरता आहे. त्यांच्याजवळ आज फक्त विलाप आहे.

11 जुलै 2026 ला या स्फोटांना वीस वर्षे होतील. तो शनिवार आहे. भाईंदर, मीरा रोड, डोंगरी, उत्तनच्या फादरांना आणि पॅरिश कौन्सिलांना माझी विनंती आहे: त्या संध्याकाळी 6.24 ला चर्चची घंटा वाजवा, विलापगीताचा पाचवा अध्याय मराठीतून वाचा आणि धर्म न विचारता मृतांची नावे, घरच्यांची संमती घेऊन, एकेक करून उच्चारा. प्रवचन नको.