धुऱ्यावरचा लुकलुकता दिवा आणि सिम्युलेटर

मंडळी, आपल्या बुलढाण्याकडे मका भरात आला की रानडुकरांपायी रात्रीची जागल सुटत नाही. तर आज धुऱ्यावर लावायचा लुकलुकता दिवा करू. दोन बीसी५४७ ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर, एक एलईडी, बस. एक ट्रान्झिस्टर चालू झाला की दुसऱ्याला बंद पाडतो. त्याच्या बेसवरचा कपॅसिटर सावकाश भरतो आणि पाळी उलटते.

बेसला ४७ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड धरू. दोघांचा गुणाकार गुणिले १.४, म्हणजे एक फेरी साधारण ०.६५ सेकंदाची.

हेच एलटीस्पाइसमध्ये टाकलं की बरेचदा काहीच हलत नाही! दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, मग सुरुवात कोणी करायची? खऱ्या पार्टमध्ये फरक असतोच, म्हणून तिथे अडत नाही. सिम्युलेटरमध्ये आपण एका बेसला सुरुवातीची अट म्हणून शून्य व्होल्ट देऊ. लगेच चालतं.

उलटंही होतं, आणि ते जास्त महाग पडतं. ९ व्होल्टवर बंद ट्रान्झिस्टरचा बेस उणे ८ व्होल्टपर्यंत जातो. बीसी५४७ उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतो. साध्या मॉडेलला हे ठाऊक नसतं, स्क्रीनवर सगळं छान दिसतं. शेतात मात्र वेळ चुकते, ट्रान्झिस्टर हळूहळू कमजोर होतो. म्हणून आपण ५ व्होल्टच वापरू.

आणि हो, डुकरं दिव्याला सरावतात. अधूनमधून जागा बदलत राहा.