साउथ फोर्कचे धरण : एका खासगी जलाशयाची हकिगत

मालकी : पेनसिल्व्हेनियात कालव्यासाठी बांधलेले, सुमारे ७२ फूट उंचीचे हे मातीचे धरण १८७९ साली धनिकांच्या मासेमारी क्लबाकडे आले.

उणिवा : पूर्वीच्या मालकाने काढून विकलेले तळाचे नळ पुन्हा न बसविता, बग्गी जावी म्हणून माथा खाली घेऊन, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावून, क्लबाने पाण्याच्या वाटा संकुचित केल्या, नळांचा अभाव सर्वांत घातक, कारण त्यामुळे तलाव उतरविणेच अशक्य झाले.

परिणाम : ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहून भराव फुटला, सुमारे १४ मैलांवरील जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे प्राणास मुकली.