फ्रीज गार का होईना?

मे महिन्याची दुपार डोळ्यांसमोर आणा. गाव जेऊर. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे स्टेशन. उजनीच्या पाण्यामुळे या भागात ऊस आणि केळी दिसतात खरी. पण उन्हाळा म्हणजे उन्हाळाच! पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, कधी ४३-४४ पर्यंतही पोहोचतो.

अशाच एका दुपारी मी बहिणीकडे गेलो होतो. ताईने ताक पुढे केले, ते कोमट! बर्फाच्या ट्रेमध्ये निम्मे पाणीच होते. सकाळचे दूध नासले होते. पण ताईच्या चेहऱ्यावरची काळजी दुधाची नव्हती. तिच्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांच्या इन्सुलिनच्या नव्या कुप्या त्याच फ्रीजमध्ये होत्या. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. फार तापले तर त्याचा गुण जातो, आणि गोठले तरीही जातो.

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला फोन केला, तर तो दोन दिवसांनी येणार होता. फोनवरच म्हणाला, "गॅस संपला असेल." तेव्हा आठवीतली माझी भाची म्हणाली, "मामा, गॅस संपलाय हे न बघता कसं कळतं?"

प्रश्न अगदी योग्य होता. चला, त्याचे उत्तर आपणही शोधू.

माठ आणि फ्रीज

फ्रीज थंडी तयार करतो, असे आपण म्हणतो. पण थंडी नावाची वस्तूच नाही! असते ती उष्णता. एखाद्या वस्तूतून उष्णता काढून घेतली की ती गार होते. फ्रीज एवढेच करतो. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो.

उष्णता उचलायची कशी? हे तुमच्या घरातल्या माठाला ठाऊक आहे. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातल्या पाण्यातूनच घेते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. सोलापूरकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून तिथे माठ छान गार होतो. कोकणातल्या दमट हवेत तोच माठ एवढे काम करीत नाही.

फ्रीज म्हणजे नळ्यांत बंद केलेला माठच. फरक इतकाच, की माठातले पाणी उडून जाते आणि फ्रीजमधला द्रव पुन्हा पुन्हा वापरला जातो. आजच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पदार्थ असतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातलाच हा वायू. साध्या दाबाला तो सुमारे उणे १२ अंशांवर उकळतो. दाब कमी केला, तर त्याहून थंड असतानाही उकळतो. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांत तो असा उकळतो आणि आतली उष्णता शोषून घेतो. मग खाली मागच्या बाजूला असलेला काळा डबा, म्हणजे कॉम्प्रेसर, तो वायू ओढून घेतो आणि दाबतो. दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सातपट होतो आणि वायू तापतो. हा तापलेला वायू मागच्या जाळीतून फिरताना आपली उष्णता खोलीला देतो आणि पुन्हा द्रव होतो. केसासारख्या बारीक नळीतून तो परत आत जातो, त्याचा दाब एकदम उतरतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उष्णता नेहमी जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. खोली ४० अंशांवर असेल, तर जाळी त्याहून बरीच तापल्याशिवाय उष्णता खोलीत जाणारच नाही. म्हणून जेऊरच्या मे महिन्यात फ्रीजला महाबळेश्वरपेक्षा कितीतरी जास्त राबावे लागते.

यावरून गार न होणाऱ्या फ्रीजला विचारायचे प्रश्न चारच. वीज नीट मिळते का? आत उष्णता जास्त शिरते का? बाहेर उष्णता टाकता येते का? आणि उष्णता वाहून नेणारा वायू आत आहे का?

आधी मोजा

हात लावून "गार वाटत नाही" म्हणणे हे विज्ञान नव्हे. भाचीने शाळेतला तापमापक आणला. ताप मोजायचा डॉक्टरी तापमापक इथे चालत नाही, कारण तो साधारण ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. पेलाभर पाणी मधल्या फळीवर ठेवून तिने त्यात तापमापक बुडवला. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे चटकन बदलत नाही. म्हणून हा पेला. सकाळी आकडा आला १४ अंश. असायला हवा होता ५ च्या आसपास.

इन्सुलिनसाठी मात्र सकाळपर्यंत थांबलो नव्हतो. औषधाच्या दुकानदाराने न उघडलेल्या कुप्या आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घेतल्या होत्या. त्या पुढे वापरायच्या की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचे होते. असे निर्णय अंदाजाने घेऊ नयेत.

पहिला प्रश्न : वीज

आतला दिवा लागत होता आणि कॉम्प्रेसर घरघरत होता. म्हणजे वीज होती. पण दिवा लागतो एवढ्यावर समाधान मानू नका. खेड्यात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते. तेव्हा दिवा लागतो, पण कॉम्प्रेसरला सुरू व्हायचा जोर मिळत नाही. तो क्षणभर घुमतो, "टक्" असा आवाज येतो आणि सारे शांत होते. तो "टक्" म्हणजे कॉम्प्रेसरवरच्या रक्षक स्विचचा आवाज. दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि वीज तोडते, नाहीतर मोटार जळेल. काही मिनिटांनी पट्टी निवते आणि पुन्हा प्रयत्न होतो. असा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर फ्रीज बंद करा आणि व्होल्टेज तपासून घ्या.

वीज जाऊन लगेच आली, तरी फ्रीज लगेच सुरू करू नये, पाच मिनिटे थांबावे. का बरे? कॉम्प्रेसरच्या एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब अडकलेला असतो. बारीक नळीतून तो समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी सुरू होणे म्हणजे चढावर उभी असलेली भरली बैलगाडी ओढणे!

दुसरा प्रश्न : आत शिरणारी उष्णता

दाराच्या कडेला रबर असते आणि त्यात चुंबकाची पट्टी असते. कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाला तर रबर ठीक. सहज निघाला तर तिथून गरम हवा आत जाते. भाचीने चारही बाजू तपासल्या. खालच्या कोपऱ्यात कपटा अलगद सुटला. रबराच्या घडीत सांडलेल्या दुधाचा थर वाळून बसला होता. कोमट पाण्याने तो पुसताच कपटा घट्ट बसू लागला. दुसऱ्या सकाळी पाणी १२ अंशांवर आले. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही.

दार सारखे उघडू नका, असे मोठी माणसे सांगतात. त्याचा हिशेब करून पाहू. २०० लिटरच्या फ्रीजमध्ये मावणारी हवा भरते अवघी सव्वादोनशे ग्रॅम. ती सगळी बदलली, तरी ४० अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे २ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. आता दोन लिटर आमटी ८० अंशांवर असताना आत ठेवली, तर ती १० अंशांवर आणायला सुमारे १४० किलोकॅलरी! म्हणजे एक गरम पातेले आणि सत्तर वेळा उघडलेले दार यांची बरोबरी झाली. पावसाळ्यात हवेतल्या बाष्पामुळे दाराचा दोषही वाढतो. तरी आमटी निववून ठेवणे हा पहिला धडा.

तिसरा प्रश्न : बाहेर जाणारी उष्णता

आता भाची फ्रीजच्या मागे वळली, आणि मागे जायला जागाच नव्हती! ज्वारीची पोती ठेवायची म्हणून फ्रीज भिंतीला चिकटवला होता. फ्रीज बंद करून, प्लग काढून आम्ही तो पुढे ओढला. जाळीवर धुळीचा आणि जळमटांचा जाड थर होता. हात जवळ नेला, तर जाळी चांगलीच तापलेली.

इथेच गॅसच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तुम्हाला सुचते का पाहा. वायू गळून गेला असता, तर कॉम्प्रेसर चालूनही जाळी तापली नसती, कारण आतून उष्णता आणणारे कोणी उरलेच नसते. जाळी तापलेली होती, म्हणजे वायू आपले काम करीत होता. ओझे दारापर्यंत आले होते, पण दारच बंद होते!

मऊ ब्रशने धूळ काढली. मागे वीतभर जागा सोडली. फ्रीजवर अंथरलेली जाड चादरही काढली. दुसऱ्या सकाळी पेल्यातले पाणी होते ६ अंशांवर.

तुमच्या फ्रीजला मागे जाळी दिसत नसेल, तर नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. तेव्हा बाजू गरम लागणे हा बिघाड नव्हे. आणखी एक पाहा. पुष्कळ फ्रीजच्या पट्टीवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. "एन" असेल, तर फ्रीज खोलीच्या ३२ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेला असतो, "एसटी" म्हणजे ३८ पर्यंत, आणि "टी" म्हणजे ४३ पर्यंत. सोलापूर जिल्ह्यात कोणता घ्यावा, हे सांगायला नकोच.

चौथा प्रश्न : बर्फ काय सांगतो?

बर्फाच्या कप्प्यावर भुरभुरीत हिमाचा जाड थर साचला, तर फ्रीज कमी गार होतो. हे उलटे वाटते ना? पण त्या हिमात हवा कोंडलेली असते, म्हणून ते गोधडीसारखे उष्णता अडवते. फ्रीज बंद करून ते वितळू द्या. सुरीने मात्र कधीही खरवडू नका. पातळ पत्र्याला भोक पडले की वायू गेलाच.

आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये वर बर्फ होतो आणि खालचा भाग गरम राहतो, असे झाले, तर आतला पंखा किंवा बर्फ वितळवणारा हीटर बिघडलेला असू शकतो. साध्या फ्रीजमध्ये हिम कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात दिसले आणि जाळीही गार असली, तर वायू कमी झाल्याची शंका घ्यावी. तिथे आपले काम संपते आणि मेकॅनिकचे सुरू होते.

का संपते, तेही सांगतो. जुन्या फ्रीजमध्ये फ्रेऑन-१२ असे. तो जळत नाही, पण वर गेल्यावर ओझोनचा थर खातो. म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला आणि असे वायू हळूहळू बंद झाले. त्यांची जागा घेणारा आयसोब्युटेन ओझोनला निरुपद्रवी आहे, पण तो पेट घेतो. तेव्हा नळ्या, कॉम्प्रेसर आणि विजेच्या जोडण्या यांना तुम्ही हात लावायचा नाही.

करून पाहा

पेल्यातला तापमापक, कागदाचा कपटा आणि वही, एवढीच हत्यारे घ्या. मोठ्यांना सांगून, एका वेळी एकच बदल करा आणि दुसऱ्या सकाळी आकडा लिहा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आले. भाचीने वही पुढे केली : १४, १२, ६. त्यांनी ती वाचली, जाळीला हात लावून पाहिला आणि हसून म्हणाले, "मग मला कशाला बोलावलं, बाळ?" गॅस भरायचा खर्च वाचला. आजींसाठी डॉक्टरांनी नव्या कुप्या लिहून दिल्या. त्या मधल्या फळीवर, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवल्या आहेत. शेजारी पाण्याचा पेला अजून आहे, आणि त्यातला आकडा रोज सकाळी आजी स्वतः वाचतात.