ढगाचे पाय

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. द्राक्षबागांत पाने फाटली, कोवळे घड झडले. त्यानंतर एका बागाईतदार मित्राने मला विचारले, ‘‘अहो, मुंबईला एवढं रडार आहे, मग आम्हाला आधी का कळत नाही?’’ हवामानशास्त्राचे माझे रीतसर शिक्षण नाही. पुस्तके वाचत आणि मोबाइलवर रडारची चित्रे पाहत शिकलो. त्याच्यासाठी जे उत्तर शोधले, ते इथे मांडतो.

रडार ढगाचा फोटो काढत नाही. ते रेडिओलहरी सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतणारा त्यांचा अंश टिपते. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधणाऱ्यांना पावसाचा हा प्रतिध्वनी अडथळा वाटे. पुढे तोच अभ्यासाचा विषय झाला. प्रतिध्वनीचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढतो. दोन मिलिमीटरच्या थेंबापेक्षा चार मिलिमीटरचा थेंब चौसष्टपट ठळक दिसतो. म्हणून चित्रातला गडद लाल डाग म्हणजे जोराचा पाऊस किंवा गारा. डॉप्लर रडार त्याहून पुढे जाते: थेंब आपल्याकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही सांगते.

आता मित्राचा प्रश्न. कुलाब्याचे डॉप्लर रडार नाशिकपासून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरवर आहे. त्याची शलाका क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखली, तर पुढे जाताना ती उंच होत जाते आणि खाली पृथ्वीचा गोल वाकत जातो. हवेत शलाका किंचित खाली वळते, हे धरूनही हिशेब केला, तर नाशिकवर तिचा मध्य समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन किलोमीटरवर येतो. नाशिक स्वतः सुमारे सहाशे मीटरवर. शिवाय वाटेत सह्याद्री आहे. त्याच्या डोंगरांवर शलाकेचा खालचा भाग अडू शकतो. थोडक्यात, कुलाब्याहून आपल्या ढगाचे डोके दिसते, पाय दिसत नाहीत.

गारा उंचावर, गोठणबिंदूच्या वर तयार होतात. तो भाग रडारला दिसतो. पण त्या खाली येताना विरघळतात की तशाच बागेवर पडतात, हे पायाशी ठरते. त्यातही असा ढग तासाभरातच उभा राहून कोसळतो. सूचना मिळाली तरी हाती मिनिटेच उरतात.

तेवढ्यात शेतातली माणसे घरात येतात, गुरे गोठ्यात जातात, उघड्यावरच्या कांद्यावर ताडपत्री पडते. एकरभर द्राक्षबाग झाकून होत नाही. तिच्यावरचे प्लास्टिकचे आच्छादन हंगामाआधीच घालावे लागते, आणि त्याचा खर्च पेलणारे थोडेच.

मित्राला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, ‘‘म्हणजे रडार जवळ हवं, आणि आच्छादनही हवं.’’ माझे उत्तर त्याहून वेगळे नाही.